खंडेनवमीला मागावर नारळ फोडायचा का?

जॉबर_एमआयडीसी:
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम आहे. गेल्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. घरातले टाक थोरल्या भावाकडे नेऊन दिले, त्यानं एका शब्दानं न विचारता ठेवून घेतले. बायको अजून तुळजापूरला जाते. तिच्यावर मी जबरदस्ती केलेली नाही, करणारही नाही.

अडलंय ते कारखान्यात. खंडेनवमीला सगळे माग पुसायचे, तेल घालायचं, झेंडूच्या माळा बांधायच्या आणि पूजा. शेडमध्ये सगळ्यात जुना मी, म्हणून नारळ दरवर्षी माझ्याच हातचा. मालक पद्मशाली, मनानं मोठा माणूस. मुलीच्या बाळंतपणात न मागता पैसे दिले त्यांनी. पाळक म्हणतात, त्या दिवशी रजा टाक. मला ते पळून गेल्यासारखं वाटतं. आणि प्रसादाचं काय करायचं?

विश्वासी_युवक:
फोडू नका, विषय संपला. बायबलातले शद्रख, मेशख, अबेद्नगो भट्टीत गेले पण मूर्तीपुढे वाकले नाहीत. तुम्हाला तर फक्त मालकाची नाराजी सोसायची आहे.

रेल्वेलाइन्सची_मावशी:
बाळा, भट्टीत दुसऱ्याला ढकलणं सोपं असतं.

दादा, बायबलात २ राजे ५ वाचा. अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाला, यापुढे परमेश्वराशिवाय कुणाला यज्ञ करणार नाही म्हणाला. मग त्याला तुमच्यासारखीच अडचण आठवली: राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. ज्याच्या सांगण्यानं तो बरा झाला त्या अलीशा संदेष्ट्यानं त्याला झापलं नाही, शांतीनं जा म्हणाला. म्हणून मी म्हणेन, रजा टाकू नका. शेडमध्ये उभे राहा, माग पुसा, तेल घाला, ते तुमचं कामच आहे. पण नारळ फोडणं ही पूजाच. ती तुमच्या हातून नको. मालकांना आधी, एकटे असताना सांगा. ऐन पूजेत सगळ्यांसमोर नकार दिलात तर त्यांचा अपमान होईल.

प्रसादासाठी १ करिंथ १० बघा. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. हात जोडून ‘मला नको’ म्हटलं की झालं.

बायकोचं तुम्ही बरोबर करताय. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं दोघांनाही सोपी गेली नसणार.

निवृत्त_मिलकामगार:
नारळाचं मावशींनी सांगितलं, मी दुसरंच विचारतो. रागावू नका बरं का.

मी ज्या मिलमध्ये होतो तिथं सकाळी गेटवर बदलीवाल्यांची, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर येणाऱ्यांची रांग लागायची. आत कुणाला घ्यायचं ते जॉबर ठरवायचा आणि प्रत्येकाकडून काहीतरी घ्यायचा. त्या जॉबरांतल्या एकानं बाप्तिस्मा घेतला. देवळात जाणं बंद, कपाळाचा टिळा बंद. रांगेतून पैसे घेणं मात्र चालूच! आम्ही पोरं हसायचो, की हा देव बदलला का नुसता वार, शनिवारचा रविवार?

लूक ३ मध्ये लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? जकातदारांना तो म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, जुलमानं पैसे काढू नका, पगारात भागवा. पश्चात्तापाची फळं दाखवा म्हणाला आणि थेट ज्याच्या त्याच्या धंद्यावर बोट ठेवलं की ओ त्यानं. पौलही कलस्सैकरांना लिहितो की लोभ ही मूर्तिपूजाच. टाक भावाकडे देता येतात, ही मूर्ती कुणाकडे देणार?

जॉबर_एमआयडीसी:
मावशी, काल मालकांशी बोललो. थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, “आमच्या घरी जेवायला तरी येणार ना?” येणार म्हटलं. नारळ आता वायंडिंगवाला फोडेल, तेल मीच घालणार.

काका, आमच्याकडे बदलीचे पैसे कुणी घेत नाही. पण चांगला माग कुणाला आणि सारखा धागा तुटणारा कुणाला, हे माझ्या हातात असतं, आणि रोजी पिसावर आहे, म्हणजे जितका माल विणला तितके पैसे. यात ओळखपाळख चालते, हे खरं. पुढच्या हप्त्यापासून मागांची पाळी लावायचं बघतोय. जुने विणकर कुरकुर करतील.

पेढ्यांचा बॉक्स मात्र घरी जाणारच, मालक सगळ्यांना देतात. बायको खाईल, तो वाद मी काढणार नाही.