चर्चा: ‘पापाची दुर्गंधी’ हे ख्रिस्ती रूपक मोडीत काढावं का?

उंबरफूल (धागाकर्ती)

ख्रिस्ती संतचरित्रं वाचताना एक गोष्ट सारखी नाकात जाते. पुण्यवान मेला तरी सुगंध, पापी जिवंत असला तरी घाण. स्मर्ना शहरात इ.स. १५५ च्या सुमारास बिशप पॉलिकार्पला जाळलं, तेव्हा भाजत्या पावासारखा आणि धुपासारखा वास आला, असं त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तान्तात आहे. नरकात मात्र गंधक. इथवर माझी काही तक्रार नाही. धूप कुठल्या धर्मात जळत नाही?

तक्रार पुढची आहे. चौथ्या शतकात इजिप्तमधल्या मठांना शिस्त लावणारा पाखोमिअस. त्याच्याकडे काही साधू पाहुणे आले. धर्मग्रंथांवर चांगलं बोलले, पण त्यांच्या अंगाचा दर्प त्याला सहन होईना. ते गेल्यावर देवदूताने खुलासा केला की ही मंडळी ओरिजेनचे (तिसऱ्या शतकातला, पुढे वादग्रस्त ठरलेला ख्रिस्ती विद्वान) ग्रंथ वाचतात! ओरिजेनचं कुठे चुकलं यावर एक शब्द नाही. सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी. समोरच्याच्या अंगाला व्यभिचाराचा वास येतोय म्हणून तो नाकावर हात धरायचा, असं चरित्रकार कौतुकाने सांगतात. आता त्या समोरच्याने बचाव काय करायचा? साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, नाकाची कशी घेणार?

आणि मग ५७६ साल, आजच्या फ्रान्समधलं क्लेरमाँ. जमावाने ज्यूंचं प्रार्थनास्थळ पाडलं आणि बिशप अ‍ॅव्हिटसने ज्यूंपुढे दोन पर्याय ठेवले: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर गाव सोडा. पाचशेहून अधिक जणांनी बाप्तिस्मा घेतला, उरलेले मार्से शहरात गेले. या प्रसंगावर फोर्तुनातुस या कवीने काव्य रचलं. त्यात तो म्हणतो, पवित्र पाण्याने ज्यूंचा वास धुऊन निघाला. हा ‘ज्यूंचा वास’ पुढे युरोपात शेकडो वर्षं टिकला. रूपकातून निघालेला वास शेवटी माणसांच्या अंगाला चिकटला. म्हणून म्हणते, हे रूपक नको.

वसईचा_पाऊस

संतचरित्रं तेवढी वेचून काढलीत आणि बायबल बाजूला ठेवलंत. स्तोत्रसंहितेतलं ३८ वं स्तोत्र बघा. जखमा सडल्या, त्यांना घाण सुटली, असं गाणारा माणूस स्वतःच्या जखमांबद्दल बोलतोय. आमच्याकडे उपवासकाळात हे स्तोत्र म्हणतात, तेव्हा शेजारच्या बाकावर कोण बसलंय हे कुणी हुंगत नाही.

त्याहून महत्त्वाचा यशयाचा ६५ वा अध्याय. ‘लांब हो, मला शिवू नकोस, मी तुझ्यापेक्षा पवित्र आहे’ असं म्हणणारे लोक देवाच्या नाकातला धूर आहेत, असं तिथे आहे. म्हणजे देवाला असह्य होतं ते सोवळं. तुमची सगळी तक्रार यशयाने तुमच्या आधी अडीच हजार वर्षं केली आहे, आणि तीही वासाच्याच भाषेत.

आता सिएनाची कॅथरीन घ्या. रंगाऱ्याची मुलगी. १३७६ मध्ये ती फ्रान्समधल्या आव्हिन्योंला, जिथे तेव्हा पोपचा दरबार होता, पोप अकरावे ग्रेगरी यांच्यापुढे उभी राहिली. तिला लॅटिन येत नव्हतं, पोपना तिची बोली समजत नव्हती. मध्ये दुभाषा होता तिचा गुरू, कापुआचा रेमंड, आणि हा प्रसंग त्यानेच लिहून ठेवलाय. दरबारातल्या दुराचारावर ती बोलायला लागली तेव्हा पोपनी विचारलं, आत्ता तर आलीस, इतक्यात तुला इथलं कसं कळलं? ती म्हणाली, इथे रोज पाप करणाऱ्यांना त्याची जेवढी घाण येत नसेल, त्याहून जास्त मला माझ्या गावात येत होती. उलटतपासणी घेता येत नाही हेच तर तिचं बळ! तिच्याकडे कागद नव्हते, पद नव्हतं, नाक होतं. ते काढून घेतलंत तर अशा बाईने पोपपुढे काय घेऊन उभं राहायचं?

खवट_खोबरं

नाकाने कांदे सोलणाऱ्यांची परंपरा सर्वधर्मीय आहे. चालू द्या, मी बसलोय.

जंतुनाशक

दोघंही धर्माला फार श्रेय देताय. सडलेल्या मांसापासून लांब राहणारी माकडं जगली, आपण त्यांचे वंशज. आणि जंतूंचा शोध लागेपर्यंत युरोपातलं वैद्यकही हेच सांगत होतं. १३४८ मध्ये प्लेग आला तेव्हा पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने फ्रान्सच्या राजाला अहवाल दिला: कारण, दूषित हवा. घाण वास हे रोगाचं लक्षण नव्हे, घाण वास हाच रोग, असं त्या काळचं विज्ञान. धर्मगुरूंनी ते जसंच्या तसं उचललं आणि रोगाच्या जागी पाप लिहिलं. त्यात गूढ काही नाही.

उंबरफूल

@जंतुनाशक, मग माकडाच्या नाकाला ओरिजेनचा वास कसा आला? सडक्या मांसाची किळस उपजत असेल. पण कोण सडकं हे ठरवून मग नाक मुरडणं शिकवावं लागतं. क्लेरमाँत बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं, तेच कपडे, तेच जेवण. वास फक्त कवीचा बदलला.

@वसईचा_पाऊस, कॅथरीनचं उदाहरण खरंच जोरदार आहे. पण ग्रेगरींनी तिचं ऐकून घेतलं. जिचं ऐकलं गेलं तिची गोष्ट उरते. नेरीने ज्याच्यासमोर नाक धरलं त्याचं नावही कुणी टिपलेलं नाही.

भिंतीवरचा_चुना

चित्रकला शिकवतो, म्हणून वेगळ्या बाजूने. पाडुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराने १३०५ च्या आसपास लाजराचं, म्हणजे येशूने मेल्यावर उठवलेल्या त्याच्या मित्राचं, चित्र काढलं. चार दिवसांचा मुडदा थडग्यातून बाहेर येतोय. ‘प्रभू, आता त्याला वास येत असेल’ असं त्याची बहीण मार्था म्हणते ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात आहेच. वास रंगवायचा कसा? जोत्तोने लाजराजवळच्या बायकांची तोंडं नाकापर्यंत कापडात गुंडाळली आहेत. आता येशूकडे बघा. चेहरा उघडा, हात पुढे. माझ्या मते हे रूपक पूर्ण वाचायचं तर इथे वाचावं. घाण आहे, ती नाकारलेली नाही, आणि ज्याला सगळ्यात जास्त किळस यायला हवी तोच नाक झाकत नाही.

शिवाय स्तंभावर राहणारा सिमिऑन विसरू नका (मृत्यू ४५९). तरुणपणी मठात असताना त्याने कमरेला दोर इतका आवळून बांधला की मांस सडलं, किडे पडले. घाणीने मठ हैराण, साधूंनी तक्रार केली, शेवटी त्याला बाहेर काढलं. इथे नाक मुरडणारे चुकीचे आणि घाणेरडा माणूस संत. परंपरा एका सुरात बोलत नाही हो.

दर्यावर्दी

सिमिऑनलाही मेल्यावर सुगंधच दिलाय चरित्रकाराने. घाणेरडा तो घाणेरडाच ठेवून संत मानायची हिंमत झाली नाही.

गोव्यातलं उदाहरण जवळचं आहे. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगछुआन बेटावर वारले. मांस लवकर गळून हाडं नेता यावीत म्हणून पेटीत चुना भरला होता. पुढच्या वर्षी उघडली तर देह ताजा, कुजका वास नाही. मग मलाक्का, आणि मार्च १५५४ मध्ये गोवा. १६२२ मध्ये संतपद. त्यांच्या देहाच्या २०१४ च्या आणि नंतर २०२४ च्या दर्शनाला मी गेलो होतो, श्रद्धेने. पण रांगेत हाच प्रश्न डोक्यात होता: चुन्याने आपलं काम नीट केलं असतं तर मलाक्केतली आणि जपानमधली त्यांची पायपीट कमी पवित्र ठरली असती का? न कुजणं हा पुरावा म्हणून धरला की बाकी सगळे, म्हणजे तुमचे-माझे आईवडील, मातीत कुजले ते कुठल्या खात्यात टाकायचे?

वसईचा_पाऊस

@दर्यावर्दी, चर्चमध्ये कुणीही असं शिकवत नाही की जो कुजला तो पापी. खूण ही खूण असते, अट नसते. लाजर कुजलाच होता आणि येशूचा मित्र होता.

आणि अलीकडचं म्हणाल तर दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ ला धर्मगुरूंना काय सांगितलं? मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. रूपक मोडीत न काढता उलटं फिरवता येतं.

पांदीतली_वाट

इथे कुणीच आमच्या बाजूने बोललं नाही, म्हणून लिहितो. नगर जिल्ह्यातला, तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. आमच्या पणज्यांना गावाची मेलेली ढोरं ओढायला लागायची. गावाचं म्हणणं साधं होतं: यांना वास येतो आणि तो जन्माचा आहे. त्यांना पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की घाण पापाची असते, पाप सगळ्यांचं असतं, पाटलाचंही. हे ऐकून काय वाटलं असेल याचा विचार उंबरफूल यांनी जरूर करावा. जन्माचा वास धुता येत नाही. कर्माचा येतो.

पण वसईचा_पाऊस यांनीही जास्त खूश होऊ नये. ‘आता तुम्ही स्वच्छ झालात’ हे कौतुक आमच्या घरात अजून आठवलं जातं, आणि आजी त्यावर चिडायची. म्हणायची, आधी कोण घाण होतं? ढोर गावाचं होतं, आम्ही फक्त ओढलं. तेव्हा क्लेरमाँच्या त्या ओळी वाचून मला ते लांबचं काही वाटलं नाही.

मी रूपक ठेवीन. फक्त प्रवचनात ते ‘तुम्ही’ म्हणून येता कामा नये. ‘मी’ म्हणून येऊ दे, त्या ३८ व्या स्तोत्रासारखं.

उंबरफूल

@पांदीतली_वाट, आजींचा प्रश्न माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा नेमका आहे. पण ‘फक्त मी’ ही अट पाळणार कोण? ११७९ ची तिसरी लॅटरन परिषद (रोममध्ये भरलेली बिशपांची सभा) बघा. कुष्ठरोग्यांसाठी वेगळं चर्च, वेगळी दफनभूमी. वेदीवरून ‘आपण सगळे पापी’ म्हणायचं आणि ज्याच्या जखमांना खरोखर वास येतो त्याला भिंतीपलीकडे बसवायचं.

वसईचा_पाऊस

तो ठराव पूर्ण वाचा. कुष्ठरोग्यांना चर्च, दफनभूमी, स्वतःचा धर्मगुरू यांपैकी काहीच मिळू न देणाऱ्या पाळकांना परिषदेने त्यात फटकारलं आहे. त्यांच्या बागांवरचा आणि जनावरांवरचा दशांशही (चर्चला द्यायचा दहावा हिस्सा) माफ केलाय. भिंत आधीपासून होती, परिषदेने पलीकडच्यांना हक्क दिले.

उंबरफूल

हक्क दिले, भिंतीला हात लावला नाही. एकाच ठरावातून तुम्ही एक वाचता, मी दुसरं. मूळ मतावर मी ठाम आहे.

खवट_खोबरं

मी अजून बसलोय. जंतुनाशक कुठे गेले? माकडाचं उत्तर राहिलंय.