प्रतिसाद : मंजुरी मिळाली म्हणजे आरोग्याचंही बघितलं?

वर एकांनी लिहिलंय की पर्यावरण मंजुरीत आरोग्याचा विचार होतोच, वेगळं आरोग्य-परिणाम मूल्यमापन कशाला. मला नाही पटत. केंद्राच्या २००६च्या पर्यावरण-परिणाम अधिसूचनेनुसार मंजुरी लागते ती ठरावीक प्रकारच्या आणि आकाराच्या प्रकल्पांना. एखादं धोरण किंवा शहरातला निर्णय त्या चाळणीत येतच नाही.

आमच्या इंदूरचंच बघा. २०१३मध्ये ए.बी. रोडवर साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये ती काढायची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. चौकात पोहे खाताना जी चर्चा ऐकली ती सगळी गाड्या किती अडकतात याचीच. (गाडीवाल्यांचा आवाज मोठा, दुसरं काय!) माझी आई गीता भवनच्या थांब्यावर त्या मार्गिकेतल्या आयबसमधून उतरायची आणि निम्मा रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरायची. तो थांबा रस्त्याच्या मधोमध ठेवण्याआधी सत्तरीतल्या पायांना कुणी विचारलं होतं का? आणि आता काढताना?

आरोग्य-परिणाम मूल्यमापन म्हणजे नेमकं हेच विचारणं, तेही निर्णय व्हायच्या आधी: अपघात, धूर, आवाज, लोकांचं चालणं यात काय बदलेल, आणि त्याची झळ कुणाला बसेल. अशा मूल्यमापनाबद्दलच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाच्या १९९९च्या गोथेनबर्ग मसुद्यात समन्यायावर, म्हणजे झळ कुणा एका गटावरच पडू नये यावर, म्हणूनच भर आहे. सरासरी सुधारली तरी रामबागेतल्या आजींचं आणि पायी कामावर जाणाऱ्या बाईचं बिघडलेलं असू शकतं.

अशा मूल्यमापनाला खर्च येतो, हा मुद्दा मान्य. पण प्रत्येक वेळी जाडजूड अहवाल लागत नाही. सविस्तर मूल्यमापन लागेल का, हे ठरवणारी पहिली चाळणी चार माणसं एका दुपारी बसूनही करू शकतात.