सुवा बंदर (फिजी) शिडाच्या बोटीने: घाण आहे म्हणतात, थांबावं की टाळावं?

वल्हव_रे

नमस्कार मंडळी, ऑकलंडला असतो, इथल्या एका किवी मित्राच्या 38 फुटी बोटीवर क्रू म्हणून मे महिन्यात न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या ओपुआ बंदरातून फिजीला निघायचं ठरतंय. मी, तो आणि त्याची बायको असे तिघं. आतापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानेच फिरलोय, एवढा लांबचा पल्ला माझा पहिलाच.

आता वाद असा आहे की मित्र म्हणतो सुवाला जाऊन क्लिअरन्स (देशात शिरायचे कस्टम्स-इमिग्रेशनचे सोपस्कार) घेऊ, आणि त्याची बायको म्हणते अजिबात नको, कारण तिने कुठेकुठे वाचलंय की बंदरात पाण्यावर तेलाचा तवंग असतो, अर्धवट बुडालेल्या गंजक्या फिशिंग बोटी पडल्यात, सतत पाऊस आणि डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) चोरीला जाते. तिला थेट पश्चिम किनाऱ्यावरच्या डेनाराऊला जायचंय, तिथे मरीना चकाचक आहे म्हणे. मला कोणी विचारत नाहीये 😀 पण स्वयंपाक माझ्याकडे असल्यामुळे माझं मत शेवटी चालेल असं वाटतंय. कोणी शिडाच्या बोटीने सुवाला गेलंय का? खरंच एवढं वाईट आहे? आणि माझा पासपोर्ट भारतीय आहे, त्याची काही कटकट?

खाडीकर

गेलोय, आणि परत जाईन. बोटीचे मालक दुसरे होते, मी तुमच्यासारखाच क्रू.

आधी वाईट ते सांगतो म्हणजे वहिनींना वाटायला नको की मी रंगवून सांगतोय. हो, बंदर कळकट आहे. लांब पल्ल्याच्या ट्यूना बोटी एकमेकींना चिकटून उभ्या असतात, गंजाचे ओघळ पार पाण्यापर्यंत आलेले, त्यांच्या जनरेटरची घरघर रात्रभर. वारा पडला की डिझेल आणि मासळीचा जो वास येतो तो ससून डॉकवर पहाटे उभं राहिलेल्या माणसाला नवीन नाही. काही जुन्या बोटी खरंच बुडालेल्या आहेत आणि सगळ्यांवर दिवा किंवा बोया असेलच असं नाही, त्यामुळे रात्री आत शिरू नका. प्रवाळातून आत यायची वाट रुंद आहे, मोठी मालवाहू जहाजं त्यातूनच येतात, लीडिंग लाइट्सही (एका रेषेत धरून वाट दाखवणारे दिवे) आहेत, पण आत आल्यावर नांगर टाकायची जागा शोधायला उजेड पाहिजेच. उशीर झाला तर बाहेर शिडं कमी करून सकाळची वाट बघत घिरट्या मारलेल्या बऱ्या.

नांगर रॉयल सुवा यॉट क्लबच्या समोर टाकायचा, वालू बे म्हणतात त्या बाजूला. तळाला काळा चिखल, नांगर असा रुततो की निघताना साखळी धुता धुता अर्धा तास जातो. खाली जुनी साखळी, तारा, काय काय पडलेलं असतं म्हणून नांगराच्या डोक्याला वेगळी दोरी बांधून वर छोटा बोया सोडून ठेवा, अडकला तर उलट्या बाजूने ओढून काढता येतो. आग्नेयेचे व्यापारी वारे चालू असताना शहराचा भूभाग आडोसा देतो त्यामुळे बोट शांत राहते, पण वारा पश्चिमेकडे फिरला तर तिथे मजा नाही, मग पलीकडे लामीच्या मागे बे ऑफ आयलंड्स आहे तिकडे सरकायचं.

आता चांगलं. क्लब 1932 चा आहे, नावात रॉयल असलं तरी रुबाब शून्य. बाहेरून आलेल्या बोटवाल्यांना फार तर किरकोळ फीमध्ये शॉवर, कपडे धुवायची सोय, डिंगी लावायला धक्का, डिझेल, पाणी आणि एक बार जिथे संध्याकाळी बसलं की शेजारी कोण असेल सांगता येत नाही, मालवाहू जहाजाचा इंजिनियर असेल, सरकारी ऑफिसातला कारकून असेल, नाहीतर जगाला चक्कर मारायला निघालेले फ्रेंच म्हातारा-म्हातारी असतील. पहिल्या संध्याकाळी इंजिनचा पाण्याचा पंप गळतोय असं आम्ही सहज बोललो तर बारवाल्याने कुणालातरी फोन केला, त्याने अजून कुणाला, आणि सकाळी एक माणूस जुन्या व्हॅनमधून सील घेऊन हजर. डेनाराऊला हेच काम झालं असतं, पण अपॉइंटमेंट, कोटेशन वगैरे. मरीना छानच आहे ती, पण ती हॉटेलांसाठी वसवलेली जागा आहे, तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा वाऱ्याचा. ओपुआ ते सुवा साधारण 1100 नॉटिकल मैल, आठदहा दिवस धरा. तुम्ही दक्षिणेकडून वर येणार. आधी सुवा केलं तर नंतर पश्चिमेला बेंगा, मग डेनाराऊ, मग यासावा बेटं, सगळं वारा पाठीवर घेऊन. उलट आधी डेनाराऊला गेलात आणि मग दक्षिणेचं कडावू किंवा पूर्वेची लाऊ बेटं बघायची इच्छा झाली तर वाऱ्याच्या तोंडावर ठोकर खात यावं लागेल. हे वहिनींना सांगा, घाणीचं राहू द्या.

शिडात_वारा

खाडीकरांशी अर्धा सहमत. वाऱ्याचाच हिशोब असेल तर वानुआ लेवू बेटावरचं सावुसावु अजून बरं नाही का? तेही क्लिअरन्सचं बंदर आहे, शांत खाडी, मूरिंग (बोट बांधायला तयार बोया) मिळतं, गावात गरम पाण्याचे झरे आहेत आणि गावातले लोक त्यात भांडं ठेवून कंद शिजवतात. आणि लाऊला जायला तिथूनच सोपं. सुवाला एवढी गर्दी, वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस, गाद्या वाळत नाहीत, सगळ्याला बुरशी.

बाकी कुठेही जा पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पोहोचायच्या किमान 48 तास आधी ॲडव्हान्स नोटीसचा फॉर्म ईमेलने गेला पाहिजे, आणि क्लिअरन्स होईपर्यंत पिवळा झेंडा लावून बोटीवरच बसायचं, वाटेत कुठल्या सुंदर बेटाला "जरा थांबू" करायचं नाही. कडावू अगदी वाटेवर दिसतं, मोह होतो, पण ते क्लिअरन्सचं बंदर नाही. थांबायचंच असेल तर निम्म्याहून पुढे गेल्यावर मिनर्व्हा रीफ आहे, भर समुद्रात, जमीन नावालाही नाही, नुसतं प्रवाळाचं कडं आणि आत शांत पाणी, तिथे बऱ्याच बोटी हवा बिघडली की दम खातात. आणि मित्राच्या बोटीची नोंदणी न्यूझीलंडची असेल तर कॅटेगरी 1 ची (परदेशी सफरीसाठी बोटीच्या सुरक्षेची) तपासणी झाल्याशिवाय तिकडून सोडत नाहीत, ते काम आत्ताच लावा, एप्रिलमध्ये सगळेच धावतात.

चहाटळ

स्वयंपाक तुमच्याकडे आणि मत कोणी विचारत नाही? मीठ कमी टाका, लगेच विचारतील.

अवांतर: गोव्यात बांधलेली म्हादेई घेऊन दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे जगाला फेरी मारून आले तेव्हा न्यूझीलंडला लिटलटनला थांबून तिथून सरळ खाली केप हॉर्नकडे गेले, फिजीच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यामुळे तुम्हाला त्यांचा दाखला देऊन मित्राला गप्प करता येणार नाही, सॉरी.

पासपोर्टचं: भारतीय पासपोर्टवर फिजीला आधी व्हिसा काढावा लागत नाही, आल्यावर चार महिन्यांपर्यंतचा शिक्का मिळतो. पण क्रू म्हणून बोटीने येताय म्हणजे परत कसे जाणार हे विचारतात, त्याच बोटीने जाणार असाल तर क्रू लिस्टवर नाव, मध्येच उतरून विमानाने जाणार असाल तर तिकीट दाखवायची तयारी ठेवा. कॅप्टन जबाबदार असतो त्यामुळे मित्राला आधीच सांगा. आणि परत न्यूझीलंडमध्ये शिरायला तुमच्या व्हिसाच्या प्रवासाच्या अटी चालू आहेत ना ते बघा, खरी कटकट झाली तर ती फिजीत नाही, तिकडे होईल.

सुवावाली

मी सुवातच राहते, नवरा युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकमध्ये आहे, बोटीतलं मला ओ की ठो कळत नाही पण वरचं वाचून राहवलं नाही.

पाऊस आहे हो, खोटं कशाला बोलू. छत्री घेऊन बाहेर पडायचं, दहा मिनिटांत ऊन, परत पाऊस. पण ते "गर्दी" म्हणताय त्या गर्दीत मजा आहे. क्लबवरून शहरात यायला समोरच बस मिळते, रस्त्यापलीकडे जेलची भिंत आहे ती बघून घाबरू नका. बस स्टँड आणि मार्केट चिकटून आहेत. मार्केटमध्ये खाली भाजी, फळं, डालो म्हणजे आपलं अळूचंच मोठं कंदमूळ, आणि त्याची पानं जुड्या बांधून. ती नारळाच्या दुधात शिजवतात, रोरो म्हणतात, मी त्यात शेंगदाणे आणि चिंचगूळ घालून फतफतं करते, शेजारच्या फिजियन काकू वाटी घेऊन येतात. वरच्या मजल्यावर मसाले आणि यांगोना म्हणजे कावाची मुळं. तुम्ही पुढे गावांमध्ये, बेटांवर जाणार असाल तर ही मुळं इथूनच घ्या, अर्धा अर्धा किलोच्या जुड्या कागदात बांधून देतात. गावासमोर नांगर टाकला की आधी गावच्या प्रमुखाकडे जाऊन ती जुडी समोर ठेवायची, त्याला सेवुसेवु म्हणतात, पुरुषांनी पण सुलु (लुंगीसारखं वस्त्र) गुंडाळायचा, टोपी आणि गॉगल काढायचे, बॅग खांद्याला लटकवायची नाही. ते झालं की मग तुम्ही त्या गावचे पाहुणे, पोहा, फिरा, मासे मारा. ते न करता कोणाच्या पाण्यात उतरणं म्हणजे कोणाच्या अंगणात विचारल्याशिवाय खुर्ची टाकून बसणं. बेटांसाठी परवानगीचं पत्र लागतं ते ऑफिसही सुवातच आहे, हाताने जाऊन घेतलं तर पटकन होतं.

भाषेची चिंता नको. इंग्लिश सगळ्यांना येतं आणि अर्ध्या टॅक्सीवाल्यांशी तुम्ही हिंदीत बोलाल, त्यांची हिंदी अवधी-भोजपुरी वळणाची आहे. तोंड बघूनच "कैसे?" म्हणून विचारतात आणि मग इंडियात कुठून, पगार किती, मुलं किती. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटवर म्हणजे मजुरीच्या करारावर आलेले, पहिलं जहाज लिओनिडास 14 मे 1879 ला आलं आणि 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसं आणली. जहाजं कोलकात्याहून आणि नंतर मद्रासहूनही निघायची, त्यामुळे आपल्याकडचे त्यात फारसे नाहीत. सुवाच्या पूर्वेला रीफजवळ नुकुलाऊ नावाचं छोटं बेट आहे, तिथे या लोकांना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवायचे. आता लोक तिथे पिकनिकला जातात. 2000 च्या बंडानंतर त्याचा म्होरक्या जॉर्ज स्पाइटला पण तिथेच कैदेत ठेवलं होतं.

तुम्ही बोटवाले आहात म्हणून म्युझियमला नक्की जा, थर्स्टन गार्डन्समध्ये आहे. 1913 मध्ये बांधलेली रातू फिनाऊ नावाची जुनी दुहेरी होडी, द्रुआ म्हणतात, हॉलच्या मध्यभागी उभी आहे, आणि खलाशांच्या बंडामुळे गाजलेल्या बाउंटी जहाजाच्या सुकाणूचा तुकडा आहे. बोटीतलं काही न कळणारी मी पण तिथे बराच वेळ उभी होते.

चोरीबद्दल: रात्री डिंगी कुलूप लावून वर उचलून ठेवा, अंधार पडल्यावर शहरात चालत फिरू नका, टॅक्सी मीटरवर आणि स्वस्त आहे. एवढं पाळलं तर काही होत नाही. आणि डासांचं मलम आणा, डेंग्यू असतो.

वल्हव_रे

बाप रे, धन्यवाद सगळ्यांना. वाऱ्याचा मुद्दा मित्राला दाखवला तर तो म्हणाला "मी तेच सांगत होतो", तो तसं काही सांगत नव्हता. त्याच्या बायकोला म्युझियम आणि मार्केट पटलं, बंदर अजून पटलं नाहीये, पण आता ती म्हणतेय की सुवाला क्लिअर करू, चार दिवस राहू, कागद, भाजी, कावा घेऊ आणि कडावूला निघू. मिनर्व्हाचं हवा बघून ठरवणार. कॅटेगरी 1 ची तपासणी बुक केली, शिडात_वारा तुमचे खास आभार, आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

एक प्रश्न, खाण्याचं किती भरून न्यायचं? आणि सुवावाली, तुमच्यासाठी इकडून काही आणू का?

खाडीकर

वाटेपुरतं अधिक आठवड्याचं. ताजी फळं, भाज्या, मध, अंडी, मांस उरलेलं असेल तर बायोसिक्युरिटीवाले (बाहेरची कीड-रोगराई आत येऊ नये म्हणून तपासणारे) घेऊन जातात, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत संपवत आणा. पहिले तीन दिवस कोणाला भूक नसते, लाटा आडव्या असतात, तेव्हा मोठे बेत करू नका, खिचडी आणि आल्याची बिस्किटं. सुवात उतरल्यावर मार्केटजवळ रोटी पार्सल मिळतं, आत बटाटा नाहीतर डब्यातल्या माशाची करी, ते दोन घ्या, मग बाकीचं ठरवा. शनिवार-रविवारी पोहोचलात तर ऑफिसरांचा ओव्हरटाइम लागतो, जमलं तर सोमवार ते शुक्रवार गाठा.

सुवावाली

@वल्हव_रे विचारलंत तर सांगते, गोडा मसाला. इथे गरम मसाला, करी पावडर ढीगभर पण गोडा मसाला नाही. दुकानातलं बंद पाकीट आणा, घरी केलेला नको, आणि फॉर्मवर स्पष्ट लिहा, ते बघून ठरवतील. नेऊ दिलं तर जेवायला या तिघं, नाही दिलं तरी या.