स्टीमपंकवाल्यांचा ‘क्लास’ मराठीत कसा आणायचा?

शब्दवेडी: स्टीमपंकवर लेख लिहितेय, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळावर बेतलेल्या विज्ञानकथा आणि तसे वेष करून जमणाऱ्यांचा छंद. वाफेवर उडणारी जहाजं, पितळी दातेरी चक्रं, हॅटवर चढवलेला गॉगल आणि काळ व्हिक्टोरिया राणीचा, १८३७ ते १९०१. यात काय आवडतं असं या मंडळींना विचारलं, की यंत्रांबरोबर ‘क्लास’ आणि ‘रिफाइनमेंट’ हे शब्द येतातच. ‘वर्ग’ लिहिलं तर दहावी ‘अ’ आठवते, ‘उच्चभ्रू’त टोमणा आहे. काय लिहू?

काळीटोपी: ‘घरंदाजपणा’.

चहाबाज: घरंदाज नको हो, त्याला घराणं लागतं. इथे आठवडाभर कारकुनी करणारा शनिवारी कोट चढवतो आणि ‘सर अमुक’ होतो. इंग्लंडात लिंकनला यांचा मोठा मेळा भरतो. तिथे चहाचं द्वंद्व चालतं: दोघांनी बिस्किट चहात बुडवून काढायचं आणि न सांडता जो उशिरा तोंडात टाकेल तो जिंकला. एवढ्यासाठी पंच, नियम, वाकून नमस्कार! याला मी ‘अदब’ म्हणेन. कपड्यांना ‘रुबाब’ पुरे.

जुनीपेटी: ‘अभिजात’ सुचवते. मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, पण २०२४ साली मराठी अभिजात ठरली तेव्हा कुळाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. ‘जंटलमन’चीही तीच गत. आधी जमीनजुमला आणि कूळ बघायचे. पुढे गिरणीमालकांकडे पैसा आला, त्यांची पोरं बड्या शाळांत गेली, आणि जंटलमन जन्मानं ठरतो की वागण्यानं, यावर व्हिक्टोरियन लोकच हमरीतुमरीवर आले. स्टीमपंकवाल्यांनी त्यातली वागण्याची बाजू उचलली.

काळीटोपी: ‘अभिजात’ म्हटलं की मला गाण्याची बैठक दिसते. पण मुद्दा पटला.

कोळसेवाला: सगळे अदबीवर खूश दिसताय. ‘पंक’चं काय? के. डब्ल्यू. जेटर या लेखकानं १९८७ मध्ये ‘लोकस’ या विज्ञानकथांच्या मासिकाला लिहिलेल्या पत्रात ‘सायबरपंक’ या संगणकयुगातल्या विज्ञानकथांच्या नावाच्या चालीवर हा शब्द अर्धवट थट्टेत पाडला. ‘पंक’ म्हणजे बंडखोर, तेव्हा बंडखोरी नावाबरोबर आयती आली, आणि बऱ्याच जणांनी ती कपाटातच ठेवली. ज्याच्या-त्याच्या अंगावर कप्तानाचा किंवा उमरावाचा वेष. बॉयलरमध्ये फावड्यानं कोळसा टाकणारा क्वचितच दिसतो. ब्रिटनमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी आली ती थेट १८४२ च्या कायद्यानं. आणि साहेबाची सोला हॅट घालून ‘शोधमोहिमेवर’ निघालेले पाहिले की आपल्याकडच्या माणसाला रुबाब नाही, कलेक्टर आठवतो. तेव्हा ‘वर्ग’ हा शब्द लेखातून पुरता घालवू नका.

चहाबाज: काही जण मुद्दाम धुराडी साफ करणारी पोरं किंवा गिरणी कामगार होऊन येतात, हेही लिहा.

शब्दवेडी: लिहिते. वागण्याला ‘अदब’, पेहरावाला ‘रुबाब’. ‘अभिजात’ एकदाच, जंटलमनच्या परिच्छेदात. खाणीतल्या पोरांपाशी ‘वर्ग’, तोही अवतरणचिन्हांशिवाय.