एफवायबीएस्सीचं पहिलं सेमिस्टर, रोज एसटीने ये-जा: अभ्यास कसा बसवावा? (मदत हवी आहे)

खाडीकाठ

नमस्कार. यंदा रत्नागिरीत एफवायबीएस्सीला प्रवेश घेतला आहे. मेजर केमिस्ट्री, मायनर गणित. घर जयगडच्या बाजूला, त्यामुळे रोज एसटी. सकाळी साडेसहाला निघते, परत यायला संध्याकाळचे साडेसहा होतात. जेवण आणि घरातलं काम आवरून नऊ ते अकरा वाचायला बसते.

अडचण अशी की वाचताना सगळं समजतं, पण परवा वर्गात छोटी चाचणी झाली तेव्हा डेरिव्हेशन (सूत्र पायरीपायरीने सिद्ध करणं) मध्येच अडकलं. केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) चार प्रयोग लिहायचे राहिलेत. सर इंग्रजीतून भरभर सांगतात, वहीत निम्मी वाक्यं अर्धवट आहेत. पाऊस वाढला की लाइट जाते, पाठोपाठ नेटवर्क. गणपती पाच आठवड्यांवर आलेत आणि आमच्याकडे गौरी-गणपतीत आठवडाभर घर भरलेलं असतं.

बारावीपर्यंत क्लासवाले वेळापत्रक आखून द्यायचे, आता तसं कोणी देत नाही. रोज किती तास बसावं? त्या वेळात नेमकं काय करावं? रत्नागिरीत खोली घेऊन राहावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

सुरंगी

आहे तो वेळ पुरेसा आहे, त्यात करायचं काम बदल. एकच पान दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटलं की येतंय असा समज होतो. परीक्षेत मात्र समोर कोरा कागद असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर विद्यार्थ्यांबरोबर प्रयोग केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी चाचणी पाच मिनिटांनी होत नाही, म्हणून दुसरी पद्धत धर.

त्या दिवशी शिकवलेली तीन-चार पानं एकदाच नीट वाच, पंधरा मिनिटं. वही मीट. कोऱ्या कागदावर दहा मिनिटं जे आठवेल ते निळ्या पेनाने लिही: व्याख्या, सूत्र, आकृती, डेरिव्हेशनच्या पायऱ्या. मग वही उघडून जे सुटलं तेवढंच लाल पेनाने त्याच कागदावर भर. हा कागद फेकू नकोस, तारीख घालून फाइलला लाव. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग आठवायचा. मग तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पूर्ण विषय पुन्हा कोऱ्या कागदावर. दर खेपेला लाल शाई कमी व्हायला हवी. तिसऱ्या खेपेलाही लालच जास्त दिसत असेल तर तो भाग पाठ करत बसू नको, तो समजलेलाच नाही. सरळ सरांकडे जा.

डेरिव्हेशन मध्येच अडकतं ते बहुधा गृहीतक निसटल्यामुळे. आदर्श वायूसाठी सीपी वजा सीव्ही बरोबर आर, हेच बघ (सीपी आणि सीव्ही म्हणजे एका मोलची स्थिर दाबाला आणि स्थिर आकारमानाला असलेली उष्माधारकता, आर म्हणजे वायू स्थिरांक). सुरुवात एच = यू + पीव्ही, म्हणजे एन्थाल्पी = अंतर्गत ऊर्जा + दाब गुणिले आकारमान. एक मोल आदर्श वायू घेतला म्हणून पीव्हीच्या जागी आरटी येतं, म्हणजे एच = यू + आरटी. आता तापमानानुसार डिफरन्शिएट केलं की डावीकडे सीपी, उजवीकडे सीव्ही अधिक आर. तीन ओळींचं काम. पण दुसऱ्या ओळीत "एक मोल, आदर्श वायू" हे शब्द लिहिले नाहीत तर आर कुठून आला हे सांगता येत नाही आणि विद्यार्थी तिथेच थबकतो. म्हणून प्रत्येक पायरीच्या उजव्या बाजूला दोन शब्दांत कारण लिहायची सवय आत्ताच लाव. कारणं लक्षात राहिली की पायऱ्या आपोआप येतात.

बंदरवाट

जर्नलबद्दल सांगतो, कारण पहिल्या सेमिस्टरला मुलं सगळ्यात जास्त तिथे मार खातात. सर्टिफाय झालेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, आणि शेवटच्या आठवड्यात अख्खा वर्ग सही घ्यायला रांगेत उभा राहतो.

जर्नल साचतं कारण गणित नंतर करू असं म्हणून रीडिंग कच्च्या वहीत ठेवलं जातं. दोन आठवड्यांनी "१०.२" हा आकडा कशाचा होता, ब्युरेटमध्ये (द्रावण मोजून सोडायच्या तोटीच्या काचनळीत) काय होतं, काहीच आठवत नाही. क्रम असा ठेव. आदल्या दिवशी उद्देश, तत्त्व, रासायनिक समीकरण आणि निरीक्षणाचा रिकामा तक्ता कच्च्या वहीत आखून ने. प्रयोग करताना आकडा थेट त्या तक्त्यात, पेनाने. चुकला तर एक रेघ मारून शेजारी नवा लिही, खोडरबर नको. प्रयोगशाळा सोडण्यापूर्वी गणित करून उत्तर सरांना दाखव आणि कच्च्या वहीवर सही घे. पक्कं जर्नल दुसऱ्या दिवशीच्या मोकळ्या तासात, लायब्ररीत बसून. घरी न्यायचं नाही. पावसात भिजतं हे एक, आणि रात्रीचे ताजे दोन तास नक्कल उतरवण्यात जातात हे दुसरं. जेल पेन टाळ, पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर पसरतं. साधं बॉलपेन चांगलं.

टायट्रेशनमध्ये (एक द्रावण मोजून सोडत दुसऱ्याची तीव्रता काढायच्या प्रयोगात) उत्तर चुकतं ते गणितापेक्षा हातामुळे. ब्युरेट भरल्यावर तोटीखालच्या निमुळत्या टोकात हवेचा बुडबुडा राहतो. टायट्रेशन चालू असताना तो निघाला की त्याच्या जागी द्रावण भरतं आणि रीडिंग उगाच जास्त येतं. म्हणून आधी तोटी पूर्ण उघडून थोडं द्रावण सोड, बुडबुडा घालव, मगच शून्यावर आण. ब्युरेटवर फनेल तसाच ठेवला तर त्यातून थेंब गळतो आणि रीडिंग कमी येतं. डोळा द्रावणाच्या पातळीत हवा. वरून वाकून पाहिलं की आकडा फसवतो. पहिलं रीडिंग अंदाजासाठी. नंतर शेवटचा एक मिली थेंबाथेंबाने, आणि तोच आकडा पुन्हा मिळेपर्यंत करायचं. समजा १० मिली सोडियम हायड्रॉक्साइडला ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १०.२ मिली लागलं, तर हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी (तीव्रता) १०.२ गुणिले ०.१ भागिले १०, म्हणजे ०.१०२. आम्ल ब्युरेटमध्ये असेल तर फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग जातो, अल्कली ब्युरेटमध्ये असेल तर फिकट गुलाबी येतो. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

राहिलेले चार प्रयोग एका बैठकीत लिहू नकोस. मोकळ्या तासाला एक, सगळ्यात जुना आधी.

खाडीकाठ

सुरंगीताई, बंदरवाटदादा, खूप धन्यवाद. लाल-निळ्या पेनाचं आजपासून सुरू करते.

दोन गोष्टी राहिल्या. एसटीत येऊन-जाऊन तीन तास जातात, पण घाटीच्या वळणांवर वाचलं की मळमळतं. आणि गणितात एप्सिलॉन-डेल्टा (लिमिट सिद्ध करायची पद्धत) पूर्ण डोक्यावरून जातंय. उदाहरणं उतरवून घेतली आहेत, पण स्वतः सुरुवात कशी करायची हेच कळत नाही.

कातळसडा

एसटीत वाचूच नको. जाताना खिडकीबाहेर बघत काल रात्रीचा लाल भाग मनात आठव. येताना त्या दिवशीच्या प्रत्येक लेक्चरमधले तीन मुद्दे मनातल्या मनात मांड. जे आठवणार नाही त्याचा एक शब्द फोनवर टिपून ठेव, रात्री त्यापासूनच सुरुवात कर. उभ्याने यावं लागलं तरी हे जमतं. व्याख्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकल्या तरी चालतात, मात्र प्रश्न बोलून झाल्यावर पाच सेकंद गप्प राहायचं आणि मग उत्तर रेकॉर्ड करायचं. त्या पाच सेकंदांत उत्तर आपण द्यायचं.

आता एप्सिलॉन-डेल्टा. फंक्शन लिमिटपासून किती दूर चालेल ते एप्सिलॉन, त्यासाठी एक्स किती जवळ हवा ते डेल्टा. पुस्तकात "डेल्टा = एप्सिलॉन भागिले ३ घेऊ" असं पहिल्याच ओळीत असतं, म्हणून ते आकाशातून पडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती ओळ शेवटी सापडलेली असते. एक्स २ कडे जाताना ३एक्स + १ ची लिमिट ७ आहे हे दाखवायचं आहे असं धर. पानाच्या डाव्या अर्ध्यात कच्चं काम: |३एक्स + १ − ७| = |३एक्स − ६| = ३|एक्स − २|. हे एप्सिलॉनपेक्षा लहान हवं, म्हणून |एक्स − २| हे एप्सिलॉन भागिले ३ पेक्षा लहान हवं. डेल्टा सापडला. आता उजव्या अर्ध्यात पक्कं, उलट क्रमाने: कोणताही धन एप्सिलॉन दिला आहे, डेल्टा = एप्सिलॉन भागिले ३ घेऊ, एक्स आणि २ मधलं अंतर शून्यापेक्षा मोठं पण डेल्टापेक्षा लहान असेल तर ३|एक्स − २| हे एप्सिलॉनपेक्षा लहान.

गुण जातात ते दोन कारणांनी. एक, कच्चं काम तसंच उत्तर म्हणून लिहिलं जातं, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरल्यासारखं होतं. दुसरं, डेल्टाच्या उत्तरात एक्स राहून जातो. डेल्टा फक्त एप्सिलॉनवर अवलंबून असायला हवा. एक्सचा वर्ग असलेल्या फंक्शनला ही दुसरी चूक फार होते. एक्स २ कडे जाताना तिथे |एक्स − २| गुणिले |एक्स + २| येतं, म्हणून आधी |एक्स − २| हे १ पेक्षा लहान असं बंधन घालायचं, त्यावरून एक्स + २ हे ५ पेक्षा लहान ठरतं, आणि मग १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतला लहान आकडा हा डेल्टा. सरळ रेषेची पाच फंक्शन आणि वर्गाची तीन, एवढी या पद्धतीने स्वतः केलीस की पुढचं सोपं जाईल.

आबोलीचा_वळेसर

नोट्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पूर्ण इंग्रजी वाक्य उतरवायचा हट्ट सोड. पानाला डावीकडे चार बोटं समास सोड. उजवीकडे सूत्र, आकृती, तुटक शब्द, हवं तर मराठीत. जिथे सुटलं तिथे मोठं प्रश्नचिन्ह करून दोन ओळी मोकळ्या ठेव आणि पुढे चल. सुटलेलं वाक्य पकडायच्या नादात पुढची तीन जातात. लेक्चर संपल्यावर लगेच, वर्गातच, शेजारणीच्या वहीवरून त्या ओळी भर. डाव्या समासात संध्याकाळी प्रत्येक मुद्द्याचा प्रश्न करून ठेव. उजवी बाजू झाकली की तीच तुझी प्रश्नपत्रिका. परीक्षेत लागणाऱ्या व्याख्या मात्र इंग्रजीतून शब्दशः हव्यात, त्यांची वेगळी छोटी वही कर.

हजेरीकडेही लक्ष असू दे. ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे एखाद्या विषयाची ६० लेक्चर झाली तर १५ च्या वर चुकवता येत नाहीत. गणपतीच्या सुट्टीत लेक्चरच होत नाहीत, त्यामुळे ते दिवस मोजत नाहीत. पण आधीचे दोन दिवस आवराआवर आणि नंतरचे दोन दिवस विसर्जन म्हणून बुडवले की त्या दिवसांची सगळी लेक्चर जातात आणि प्रॅक्टिकलही. चुकलेलं प्रॅक्टिकल भरून काढणं सगळ्यात अवघड, कारण दुसऱ्या बॅचला जागा मिळेलच असं नाही. दरड किंवा पाण्यामुळे एसटी बंद राहिली तर दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षकांना लेखी अर्ज दे आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेव. तोंडी सांगितलेलं सेमिस्टरच्या शेवटी कोणाच्या लक्षात नसतं.

सुरंगी

लाइट आणि गणपती, दोन्हींचा विचार आधीच करून ठेव. कॉलेजच्या वायफायवर त्या आठवड्याचे पीडीएफ आणि जुन्या प्रश्नपत्रिका फोनमध्ये उतरवून घे, म्हणजे नेटवर्कची वाट बघावी लागणार नाही. चार्जिंगचा दिवा रोज चार्जला. लाइट असेपर्यंत गणितं आणि डेरिव्हेशन, म्हणजे लिहायचं काम. गेली की तोंडी आठवायचं काम. अतिवृष्टीमुळे जिल्ह्यात सुट्टी जाहीर झाली तर तो दिवस मागे पडलेल्या विषयाला द्यायचा, हे आजच ठरव. कोणता विषय ते दर रविवारी भिंतीवर लिहून ठेव.

गणपतीच्या आठवड्यात नवीन काही शिकायचं ठरवू नको. घर भरलेलं असताना ते होत नाही आणि झालं नाही की उगाच मन खात राहतं. पहाटे आरतीच्या तयारीआधी वीस मिनिटं जुने लाल कागद, बस. त्या बदल्यात गणपतीपूर्वी प्रत्येक विषयाचं पहिलं युनिट आणि तोवरचं जर्नल सहीसकट पुरं हवं. सुट्टीनंतर लेखी परीक्षेला फार आठवडे उरत नाहीत आणि अंतर्गत चाचण्या, असाइनमेंट नेमक्या त्याच वेळी येतात. त्या किती गुणांच्या, पास व्हायला किती लागतात, हे विभागातून आत्ताच लिहून घे.

रात्री अकरापर्यंत बसून पहाटे पाचला उठणं जास्त दिवस झेपणार नाही. झोप सात तास तरी हवी. नऊ ते दहा हा एक तास लिहून आठवण्याला दे, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि दहाला झोप.

बंदरवाट

खोलीचा निर्णय पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण हातात येईपर्यंत घेऊ नये असं माझं मत. वरचं सगळं करूनही वेळ पुरत नसेल तर आधी कॉलेजच्या किंवा सरकारी वसतिगृहात चौकशी कर. आई-वडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तुझ्या कोर्सला लागू होते का ते कॉलेजात विचार. अर्ज महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, तो आधी काढून ठेवलास तर शिष्यवृत्तीच्या अर्जालाही उपयोगी पडेल.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय: सोमवार ते शुक्रवार रात्री एक तास आठवून लिहिणं, मोकळ्या तासात जर्नल, शनिवारी दुपारी गणिताची आठ उदाहरणं, रविवारी सकाळी आठ ते एक केमिस्ट्रीचं पूर्ण युनिट. चालेल का?

कातळसडा

रविवारचे सलग पाच तास टिकणार नाहीत. आठ ते साडेदहा ठेव, मध्ये पंधरा मिनिटं उठ, आणि पूर्ण युनिटऐवजी आठवड्यातल्या सगळ्या विषयांचे लाल कागद घे. गणिताची आठही एकाच दिवशी नकोत. शनिवारी चार, बुधवारी रात्री दोन, रविवारी दोन. बुधवारची दोन शनिवारच्याच प्रकारातली असू देत, आकडे बदलून. बाकी ठीक आहे.