तेरा डिसेंबर आणि हुग्गी
आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे सुमारे चार आठवडे, हा वाट पाहण्याचा आणि संयमाचा काळ असल्याने त्यात संतांचे सण घरी साजरे केले की नाताळाआधीच नाताळ उरकला जातो, हा या चर्चेतील एक आक्षेप मला अर्धाच पटतो. ६ डिसेंबरला संत निकोलसाच्या नावाने मुलांना चॉकलेटांची रास मिळत असेल, तर तो जरूर लागू होतो. परंतु ८ डिसेंबरला, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, खुद्द कॅथलिक चर्चमध्येच धर्मगुरू आगमनकाळाचा जांभळा झगा बाजूला ठेवून पांढरा घालतात, हेही लक्षात घ्यावे.

चर्चेत न आलेला सण म्हणजे १३ डिसेंबरचा संत लुसीचा. ती जिथली, त्या इटलीच्या सिसिली बेटावर त्या दिवशी अनेक घरांत पाव वर्ज्य करून उकडलेले अख्खे गहू खातात. दुष्काळात धान्याचे जहाज बंदराला लागले आणि भुकेल्या लोकांना दळायचाही धीर निघाला नाही, अशी त्यामागची आख्यायिका आहे. हे वाचल्यापासून सोलापुरातल्या आमच्या घरी त्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, होते. खपली गहू आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी मऊ शिजवायचे आणि मग गूळ, खसखस व सुके खोबरे घालून मंद आचेवर घोटत राहायचे. (गूळ आधी घातला तर गहू शिजता शिजत नाहीत, पहिल्या वर्षी आम्ही ते चघळतच बसलो होतो.) संध्याकाळी दिवे मालवून आगमनकाळाच्या चक्रातील (हिरव्या पानांच्या गोल कड्यात बसवलेल्या) मेणबत्त्या लावतो, धाकटी मुलगी प्रार्थना म्हणते आणि मगच वाट्या भरल्या जातात. तूप मात्र नाताळापर्यंत राखून ठेवलेले असते.