१,९६,८८४ मधला तो जास्तीचा १ कुठून आला?

प्रश्न: मॉन्स्टर ग्रुप म्हणजे सममितींचा एक अवाढव्य, पण सांत गट. रिप्रेझेंटेशन म्हणजे तो मॅट्रिक्सच्या रूपात मांडणं. ट्रिव्हियल (काहीच न हलवणारं, १ मितीचं) सोडून त्याचं सर्वांत लहान रिप्रेझेंटेशन १,९६,८८३ मितींचं. जे-फलन हे संख्या-सिद्धांतातलं फलन, क्यूच्या घातांची अनंत बेरीज म्हणून लिहितात; त्यात क्यूचा सहगुणक १,९६,८८४. एवढ्यावरून नातं कसं जोडायचं? मला तर ओढूनताणून वाटतंय.

उत्तर: तो १ म्हणजेच ट्रिव्हियल रिप्रेझेंटेशन. पुढचा, म्हणजे क्यू-वर्गाचा सहगुणक बघा: २,१४,९३,७६० = १ + १,९६,८८३ + २,१२,९६,८७६. शेवटचा आकडा म्हणजे मॉन्स्टरच्याच पुढच्या रिप्रेझेंटेशनच्या मिती. मी ही बेरीज हातचे धरून वाण्याच्या बिलामागे केली. जुळली तेव्हा चहावर साय धरली होती.

उत्तर: ओढूनताणूनच वाटलं होतं लोकांना! गणितज्ञ मॅकेंना हे १९७८ मध्ये दिसलं. गणितज्ञ कॉनवेंनी या नात्याला नाव दिलं ‘मूनशाइन’, म्हणजे खुळचटपणा. गणितज्ञ बोर्चर्ड्सनी ते नातं १९९२ मध्ये सिद्ध केलं. १९९८ मध्ये त्यांना गणितातलं मानाचं फील्ड्स पदक.

प्रश्नकर्ता: बेरीज केली. जुळली. आता तिसरा सहगुणक घेतो.